शोभाताईंचा त्रिलोक आणि त्याचे ड्रम

(सामुदायिक रेडिओवर बुधवारच्या दुपारच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

गेल्या बुधवारी आपण गटाची वही कशी लिहायची यावर बोललो. त्याच्या आधी शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो होतो. परवा बैठकीत एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "ताई, तुमच्या रेडिओवर एक तर कर्ज असतंय, न्हाईतर शेळी असतीया. कधी वाजवण्या-गाण्याचं पण सांगत जावा की." मावशींचा शब्द आम्ही मोडणार नाही. तर आज शेळी नाही आणि कर्ज जरासंच आहे. आज एका ड्रम वाजवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, आणि त्याच्या आईचीसुद्धा. माणूस मुंबईचा, आई बेळगावची, आणि त्यानं नाव कमावलं ते अमेरिकेच्या जॅझ नावाच्या संगीतात.

जॅझ म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून राबवून घेतलं. कापूस, ऊस, तंबाखू, सगळं त्यांच्याच घामावर पिकलं. १७३९ साली तिथल्या दक्षिण कॅरोलायना भागात गुलामांनी उठाव केला, तेव्हा ती माणसं ढोल वाजवत निघाली होती. मालक लोक घाबरले. पुढच्याच वर्षी, १७४० साली, कायदा केला, त्यात गुलामांच्या ढोलांवरही बंदी आली. ढोलावरून निरोप जातो हे मालकांना कळून चुकलं होतं. आपल्याकडं हलगीवर दवंडी देतात. हलगीचा आवाज ऐकला की कोण काय सांगतंय ते कळायच्या आधीच माणूस घराबाहेर येतो. तशातलीच ही गत.

न्यू ऑर्लीन्स नावाच्या गावात मात्र रविवारी काँगो स्क्वेअर या मैदानात काळ्या लोकांना जमायला मुभा होती. तिथं ते वाजवत, नाचत. पुढं गुलामी गेली, पण त्यांच्या कानात ताल राहिला. त्यात गोऱ्यांच्या लष्करी बँडची वाद्यं मिसळली, देवळातली गाणी मिसळली, आणि १९०० च्या आसपास न्यू ऑर्लीन्समध्ये जे वाजायला लागलं त्याला पुढं जॅझ म्हणू लागले. यात चाल ठरलेली असते, पण ती रोज तशीच वाजवायची नसते. आपल्या भजनी मंडळात बुवा एकच अभंग आज एका अंगानं घेतात, उद्या दुसऱ्या अंगानं, आणि मृदंगवाला त्यांच्या तोंडाकडं बघत बघत वाजवतो. तसंच. आणि तमाशात ढोलकी आणि घुंगरू यांचा सवालजवाब होतो ना, तसा जॅझमध्येही होतो. चार मात्रांचे चार घास तू घे, मग चार मी घेतो, असं म्हणत वाद्यं एकमेकांना उत्तरं देतात.

एक गोष्ट आम्हाला सारखी जाणवते. चामड्याचं वाद्य वाजवणाऱ्याला इथंही खाली बसवलं आणि तिथंही. हलगी कुणी वाजवायची हे आपल्या गावात जातीनं ठरवलं. लग्नात, जत्रेत, कुस्तीच्या फडात हलगीशिवाय चालायचं नाही, पण हलगीवाल्याच्या जेवणाची पंगत वेगळी. तबला वाजवणारासुद्धा कितीतरी वर्षं गाणाऱ्याच्या मागं, अंधारात बसायचा. अहमदजान थिरकवाँ खाँसाहेबांनी आपल्या बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत तबला वाजवला आणि लोक तबल्यासाठी म्हणून कान देऊ लागले, हे आपल्या मराठी माणसाला सांगायला अभिमान वाटतो. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता ड्रमसेट. लग्नाच्या वरातीत बँडपार्टी येते. एक जण पोटावर मोठा ढोल बांधून धम्म करतो, दुसरा कमरेला ताशा लावून तडतड करतो, तिसरा पितळी झांज आपटतो. ही तिन्ही माणसं एका माणसात घातली की ड्रमसेटवाला तयार होतो. मोठा ढोल जमिनीवर आडवा ठेवतात आणि पायानं वाजवतात. १९०९ च्या सुमाराला अमेरिकेत लुडविग नावाच्या माणसानं पायानं दाबायचं चांगलं पायडल काढलं. शिलाई मशीनच्या पायडलसारखंच समजा. त्यानंतर एक माणूस दोन हात आणि दोन पाय, चारही वेगवेगळे चालवून पूर्ण बँड सांभाळू लागला. ज्या बाईनं एका हातानं भाकरी थापत, दुसऱ्या हातानं जाळ सारत, पायानं पाळणा हलवला आहे तिला हे अवघड वाटणार नाही. फक्त त्याला तिकीट लावतात आणि आपल्याला लावत नाहीत.

हे जॅझ मुंबईला कधीच येऊन गेलं होतं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाच्या अमेरिकन कलाकाराचा काळ्या वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांचं ऐकून गोव्याचे ख्रिश्चन वादक तयार झाले. तेच पुढं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. भगवानदादांचा 'अलबेला' तुम्ही पाहिलाच असेल, १९५१ चा. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. त्यात ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट नावाचे गोव्याचे कलाकार पडद्यावरही दिसतात. म्हणजे हळदीत, बारशात आपण ज्या गाण्यांवर नाचलो, त्यात जॅझ होतंच. आपल्याला त्याचं नाव माहीत नव्हतं, एवढंच.

त्याच १९५१ साली, ऑक्टोबर महिन्यात, मुंबईत त्रिलोक गुर्टू यांचा जन्म झाला. पण त्यांच्याकडं जायच्या आधी त्यांच्या आईकडं आणि आजीकडं जाऊ, कारण हे सगळं तिथूनच येतं.

आजीचं नाव मेनकाबाई शिरोडकर. मेनकाबाई नाचायच्या आणि गायच्या, आणि तोच त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय होता. त्या काळी असा व्यवसाय करणाऱ्या बाईकडं समाज कसा बघायचा ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाणं ऐकायला पुढं, आणि घरी बोलवायचं म्हटलं की मागं. मेनकाबाईंनी मात्र गाणं शिकायचं ते अल्लादिया खाँसाहेबांकडं, म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याच्या मूळ पुरुषाकडं. आज आपण शास्त्रीय संगीत म्हणून मान देतो त्यातला केवढा वाटा अशा बायांनी जिवापाड सांभाळून ठेवला, हे आपल्या मुलींच्या शाळेच्या पुस्तकात ठळक यायला हवं, असं आमचं मत आहे.

मेनकाबाईंची मुलगी भानुमती. जन्म १९२५, बेळगाव. लहानपणापासून आईचं गाणं कानावर. मग कोल्हापूरला अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडं शिक्षण सुरू झालं. पुढं घम्मन खाँसाहेब मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवायला म्हणून मुंबईला घरी राहायला आले, आणि आईला शिकवता शिकवता लेकीच्या गळ्यातही ते उतरलं. शास्त्रीय गाणं येत होतंच, पण भानुमतीचं नाव झालं ते ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांत. ठुमरी हे बाईच्या मनातलं गाणं. रुसवा, वाट बघणं, लटका राग. ओवीत आपण जे जात्याशी बोलतो तेच तिथं रागात बसवलेलं असतं.

लग्न झालं विश्वनाथ गुर्टू यांच्याशी. भानुमती शिरोडकरांच्या शोभा गुर्टू झाल्या. सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावात पोलीस खात्यात मोठे अधिकारी, पण स्वतः सतार वाजवणारे. सून गाते म्हणून ज्या घरात नाक मुरडलं जाऊ शकलं असतं, त्या घरात सतार वाजत होती. हे शोभाताईंचं नशीब म्हणा. आपल्या ओळखीत अशा किती जणी आहेत ज्यांचा गळा लग्नाच्या दिवशी बंद झाला, मोजायला बसलो तर आजचा कार्यक्रम पुरायचा नाही.

शोभाताई सिनेमातही गायल्या. 'पाकीझा', 'फागुन', 'मैं तुलसी तेरे आंगन की' आणि मराठीत 'सामना'. १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ साली पद्मभूषण त्यांना मिळालं. २००४ च्या सप्टेंबरात त्या गेल्या.

तर अशा घरात त्रिलोक वाढला. शाळा माटुंग्याची डॉन बॉस्को. घरी सकाळ-संध्याकाळ रियाझ, येणारे-जाणारे तबलजी, सारंगीवाले. आईनंच त्याला तबल्यावर बसवलं आणि शाह अब्दुल करीम यांच्याकडं शिकायला घातलं. ठुमरीत एक जागा असते, आमच्या संगीतवाल्या बाईंनी आम्हाला ती ऐकवली होती. गाणारी बाई शेवटी एकाच ओळीवर येऊन थांबते आणि तबलजीला मोकळं सोडते. मग तो दुप्पट लयीत धावतो. त्याला लग्गी म्हणतात. गाणारीनं मागं सरून वाजवणाऱ्याला पुढं करायची ती जागा. या पोरानं ती जागा रोज घरात बघितली. पुढं त्यानं जगभर जे वाजवलं त्याचं बी तिथं पडलं असावं, असं आम्हाला वाटतं.

मग तरुणपणी त्याच्या कानावर अमेरिकेच्या रेकॉर्डी पडल्या. जिमी हेंड्रिक्स नावाचा काळा गिटारवाला, आणि असेच आणखी. आता गंमत ऐका. स्टुडिओत एक वादक आधी एक आवाज वाजवतो, मग त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि ते एकावर एक चढवतात. गोधडीचे थर जसे एकावर एक. हे या मुलाला माहीतच नव्हतं. त्याला वाटलं, हे सगळं एकच माणूस एकाच वेळी वाजवतोय. आणि तो तसं वाजवायचा प्रयत्न करत बसला, आणि बरंचसं त्याला जमूनही गेलं.

तबल्याचा हात ड्रमवर आला. १९७० च्या दशकात त्रिलोक गुर्टू युरोपात गेले. सुरुवातीला डॉन चेरी नावाच्या अमेरिकन ट्रंपेटवाल्याबरोबर, चार्ली मारियानो नावाच्या सॅक्सोफोनवाल्याबरोबर, मग आणखी कुणाबरोबर. एम्ब्रियो नावाच्या एका जर्मन बँडच्या १९७७ च्या सुमाराच्या रेकॉर्डवर ते वाजवतात, आणि ऐका, त्याच रेकॉर्डवर शोभाताई गातात. पन्नाशी उलटलेली, ठुमरी गाणारी बाई, आणि भोवती जर्मन पोरं गिटार घेऊन. मुलाच्या नादाला आईनं नावं ठेवली नाहीत, ती त्या नादात जाऊन गायली.

पुढचा भाग जरा दुःखाचा आहे. अमेरिकेत ओरेगॉन नावाचा एक बँड होता. त्यात कॉलिन वॉलकॉट नावाचे अमेरिकन वादक होते. हे वॉलकॉट रविशंकरांकडं सतार शिकलेले आणि आपल्या अल्लारखाँसाहेबांकडं तबला शिकलेले. १९८४ च्या नोव्हेंबरात पूर्व जर्मनीत बँडच्या गाडीला अपघात झाला आणि ते गेले. त्यांच्या जागी ओरेगॉननं पुढं ज्यांना घेतलं ते त्रिलोक गुर्टू. अमेरिकेचा माणूस मुंबईच्या उस्तादाकडून तबला शिकून गेला होता, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर मुंबईचा माणूस बसला. गेलेल्या माणसाच्या जागी बसणं सोपं नसतं, हे घरातल्या दुसरेपणाच्या बाईला विचारा. त्यांनी तीन रेकॉर्डी केल्या त्या बँडबरोबर, १९८७, १९८९ आणि १९९१ साली.

त्याच सुमाराला जॉन मॅकलॉफ्लिन या इंग्रज गिटारवाल्यानं त्यांना सोबत घेतलं. हे तेच, ज्यांनी झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' नावाचा बँड केला होता. १९८९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये या तिघांचा कार्यक्रम झाला, मॅकलॉफ्लिन, त्रिलोक गुर्टू आणि एक बेस गिटारवाला. त्याची रेकॉर्ड आजही मिळते. मध्येच वाद्यं थांबतात आणि दोघं तोंडानं बोल म्हणायला लागतात. म्हणजे तबल्याचे धा, तिरकिट, तसलं. समोरच्या गोऱ्या लोकांना अर्थ काही कळत नसणार. पण आपल्या दादऱ्याचे धा धी ना, धा ती ना हे सहा अक्षरं म्हणताना जसं अंग हलतं, तसं त्यांचंही हललं असणार.

स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड कधी आली माहीत आहे? १९८८ साली. वय ३७ ला आलेलं. तोवर इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली, दुसऱ्याच्या बँडमध्ये. तिचं नाव 'उस्फ्रेट'. आणि तिच्यात कोण गातंय? शोभाताई. ६३ वर्षांच्या. पुढं १९९३ च्या 'क्रेझी सेंट्स' या रेकॉर्डवरही त्या आहेत, आणि त्यावर पॅट मेथेनी, जो झाविनुल असे जॅझमधले बडे लोक आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या 'डाउनबीट' या जॅझच्या जुन्या मासिकात समीक्षकांनी त्रिलोक गुर्टूंना एकापेक्षा जास्त वेळा पहिल्या क्रमांकाचे तालवादक ठरवलं. नंतर आफ्रिकेतल्या गायिकांबरोबरही त्यांनी काम केलं, बेनिनच्या अँजेलिक किजो, मालीच्या उमू संगारे. जिथून ढोल निघाले होते तिथंच फिरून पोचले म्हणायचं.

आता ते वाजवतात कसे, हे ऐकण्यासारखं आहे. ड्रमवाले स्टुलावर बसतात. हे स्टूल घेत नाहीत. जमिनीलगत, एक गुडघा टेकल्यासारखे बसतात, आणि भोवती ड्रम, तबला, घंटा, झांजा मांडलेल्या. चुलीपुढं बसल्यावर आपल्या हाताशी मीठ-तिखट-पीठ कसं सगळं असतं, तशी ती मांडणी. आणि बाजूला पाण्यानं भरलेली बादली. होय, साधी बादली. वाजती झांज ते पाण्यात बुडवतात, शंख-शिंपल्यांच्या माळा बुडवून काढतात.

हे घरी करून बघा. पितळी ताट दोरीनं टांगा, पळीनं हलकं ठोका, आणि आवाज चालू असतानाच हळूच बादलीत उतरवा. आवाज घसरत घसरत खाली जातो. ताट थरथरतं तेव्हा आवाज होतो, आणि पाण्यात गेल्यावर त्याला पाणीही हलवावं लागतं, म्हणून थरथर मंद होते आणि सूर उतरतो. आमच्या गटातल्या पोरांना आम्ही हे दाखवलं तर अर्धा तास नुसता हाच खेळ चालला, आणि ओटा सगळा ओला.

हे सगळं पुरुषाचं झालं, बायांचं काय, असं तुम्ही विचारणारच. अमेरिकेत व्हायोला स्मिथ नावाची बाई होती. जन्म १९१२. बहिणी-बहिणींचा बँड, त्यात ही ड्रमवर. खांद्याच्या उंचीवर दोन मोठे ड्रम लावायची, ती तिची खूण. १९४२ साली महायुद्धात बँडमधले पुरुष लढाईवर गेले, तेव्हा तिनं त्याच 'डाउनबीट' मासिकात लेख लिहिला की, जागा रिकाम्या आहेत तर बायांना घ्या, आम्हाला वाजवता येतं. पुष्कळ वाद झाला. ती स्वतः मात्र वाजवत राहिली आणि १०७ वर्षांची होऊन २०२० साली गेली.

आपल्याकडं मुंबईत पारशी घराण्यातल्या आबान मिस्त्री झाल्या, जन्म १९४०. एकटीनं बैठक मांडून तबला वाजवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. नुसतं वाजवलं नाही, पखवाज आणि तबल्याच्या घराण्यांवर मोठा अभ्यास करून हिंदीत ग्रंथ लिहिला. २०१२ साली त्या गेल्या. आणि अनुराधा पाल, अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्या शिष्या, त्यांनी १९९६ साली 'स्त्री शक्ती' नावाचा फक्त बायांचा वाद्यवृंद उभा केला. त्या आजही वाजवतात.

आता तो जरासा कर्जाचा भाग.

दक्षिण सोलापूर तालुक्यातला आमचा एक गट आहे, बारा जणींचा. नाव सांगत नाही. त्यातल्या एका ताईंनी बैठकीत २० हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, मुलीला ऑक्टोपॅड घ्यायचा आहे. आपल्या गणपती-नवरात्रीच्या ऑर्केस्ट्रात, हळदीच्या कार्यक्रमात जे चौकोनी पाटीसारखं वाद्य काठ्यांनी वाजवतात ते. जुनाच मिळत होता, ३५ हजारांना. १५ हजार मुलीनं स्वतः साठवलेले. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजला जाते, मामाच्या भजनी मंडळात ढोलकी शिकलेली. दुसऱ्याचा ऑक्टोपॅड मागून वाजवायची आणि एका सुपारीचे तिला ८०० मिळायचे. स्वतःचा असता तर १,५०० मिळाले असते. वाद्याचं भाडं जे कापलं जायचं ते वाचलं असतं.

बैठक चांगलीच तापली. एक म्हणाली, ही काय कर्जाची कारणं झाली का, त्यापेक्षा शिलाई मशीन घे म्हणावं. दुसरी म्हणाली, रात्री बाराला पोरगी टेंपोतून घरी येणार, उद्या लग्न कोण जमवणार. तिसरी हळूच म्हणाली, आपल्या घरातल्या बायांनी असलं वाजवायचं नसतं. चौथी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, "माझ्या आज्ज्यानं जन्मभर हलगी वाजवली आणि त्याच्यावर आमचं घर चाललं. वाजवायचं नसतं म्हणजे काय?" मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.

आमचं काम गटाच्या वतीनं निर्णय घ्यायचं नाही. पण हिशोब मांडायला मदत करायचं आहे. म्हणून आम्ही म्हटलं, रात्रीचं आणि लग्नाचं बाजूला ठेवू, आधी आकडे लिहू. मुलीला वही घेऊन बोलावलं. तिनं मागच्या वर्षीच्या सुपाऱ्या तारखेवार लिहिल्या होत्या. ३४ झाल्या होत्या. गणपती-नवरात्र आणि लग्नसराईत भरपूर, आषाढात एकही नाही, मार्गशीर्षात तुरळक. शिलाई मशीनसाठी आलेल्या आमच्या कुठल्याच अर्जाला एवढी नीट वही जोडलेली नव्हती, हे आम्ही बैठकीत बोलून दाखवलं. रात्रीच्या येण्याजाण्याचा प्रश्न खोटा नव्हता, तो हसण्यावारी न्यायचाही नव्हता. त्यावर असं ठरलं की सुपारी घेतानाच ऑर्केस्ट्रावाल्याशी परतीच्या गाडीचं बोलून घ्यायचं, सोबत मामा किंवा भाऊ जाईल, आणि ज्या गावाला सोय नाही ती सुपारी सोडायची. त्यामुळं सुपाऱ्या ३४ वरून २५ वर येतील असं धरून हप्ता बांधला. शेकडा दोननं, बारा महिन्यांत. पावसाळ्यातल्या महिन्यांना हप्ता लहान आणि दिवाळीच्या आधी मोठा. सगळ्या कर्जांना सारखाच हप्ता का असावा, हे आम्हाला तरी कळत नाही. ज्वारीवालीचा पैसा सुगीला येतो, दूधवालीचा दर दहा दिवसाला आणि वाजवणारीचा सणाला.

कर्ज मंजूर झालं, आठ विरुद्ध चार. चौघींची नावं वहीत आहेत आणि त्यांचा विरोध असल्याचंही लिहिलं आहे, तो त्यांचा हक्क आहे.

आता पुढचंही सांगायला पाहिजे, नाहीतर गोष्ट नुसती गोड होईल. पहिले चार हप्ते वेळेत आले. पाचवा उशिरा आला. एका लग्नाची सुपारी आयत्या वेळी रद्द झाली आणि विसार दिला नव्हता. तो हप्ता तिच्या आईनं खुरपणीच्या मजुरीतून भरला. त्या चौघींपैकी एकीनं बैठकीत ते बोलून दाखवलंच. तेव्हापासून मुलगी ५०० रुपये विसार घेतल्याशिवाय तारीख वहीत लिहीत नाही. दोन ऑर्केस्ट्रावाले त्यावरून नाराज झाले आणि दुसरीकडं गेले. बाकीचे देतात. सात हप्ते अजून राहिले आहेत आणि मध्ये आषाढ येतोय, तेव्हा काय होतं ते बघू.

या मुलीला आम्ही आमच्या मोबाइलवर लंडनचा तो कार्यक्रम ऐकवला. तिनं सगळा ऐकला, आणि मग विचारलं, "मॅडम, ते बादलीत किती पाणी घेतात?" ते आम्हाला सांगता आलं नाही. तिनं घरी अर्ध्या बादलीपासून सुरुवात केली आहे.

आपापल्या गटात जर कुणाच्या लेकीनं, सुनेनं ढोलकी, हलगी, संबळ, ऑक्टोपॅड असं काही मागितलं असेल, तर सुपाऱ्यांची वही, विसार आणि परतीची गाडी या तीन गोष्टी विचारूनच अर्ज बैठकीपुढं ठेवा. आणि मावशींनी सुचवलं तसं, तुमच्या गावात कुणी म्हातारी बाई जात्यावरच्या ओव्या किंवा भारुडं म्हणत असेल तर आम्हाला कळवा, आम्ही आवाज भरायचं यंत्र घेऊन येतो. पुढच्या बुधवारी शेळी परत येते आहे, गाभण शेळीच्या खुराकावर बोलू.